हवा गेली तरी गाडी धावेल. पण किती आणि कुठवर?

विशेष प्रतिनिधी

सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर छत्रपती संभाजीनगरनजीक माळीवाडा परिसरात रात्रीच्या वेळी काही मोटारींचे टायर पंक्चर झाले. रस्त्यावर खिळे ठोकल्याची चित्रफीत काही तासांत राज्यभर पसरली आणि लूटमारीच्या शंकाकुशंकांना ऊत आला. हे खिळे नसून काँक्रिटमधील भेगा बुजविण्याच्या कामासाठी बसविलेली ॲल्युमिनियमची नोझल आहेत, असा खुलासा रस्ते विकास महामंडळाने नंतर केला. खुलासा आला आणि चर्चा थांबली. मात्र ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा असलेल्या रस्त्यावर, मध्यरात्री, कुटुंबासह निघालेल्या चालकाच्या टायरमधील हवा अचानक गेली तर त्याने काय करायचे, हा त्या रात्रीने उभा केलेला प्रश्न अनुत्तरितच राहिला.

या प्रश्नाला मोटार उद्योगाने दिलेले एक उत्तर म्हणजे रनफ्लॅट टायर. हवा पूर्णपणे गेल्यानंतरही गाडीचा भार पेलून काही अंतर धावू शकणारा हा टायर. महागड्या जर्मन मोटारींबरोबर तो भारतीय शहरांत आला आणि आता त्या मोटारींच्या दुसऱ्या, तिसऱ्या मालकांपर्यंत पोहोचला आहे. चार-पाच वर्षे वापरलेली आलिशान मोटार तुलनेने स्वस्तात घेणाऱ्या मध्यमवर्गीय ग्राहकाला पहिला धक्का बसतो तो टायर बदलण्याच्या वेळी. डिकीतील गालिचा उचलावा तर स्टेपनी नाही, जॅक नाही, पानाही नाही. दुकानदार जो भाव सांगतो, त्यात साध्या टायरचे चार नगही कदाचित पदरात पडले असते. साहजिकच या टायरसाठी एवढे पैसे मोजावेत का, याचा विचार करणे भाग पडते.

भिंतीचा खेळ

साध्या टायरमध्ये गाडीचे वजन रबर पेलत नाही, हवा पेलते. रबर केवळ त्या हवेला कोंडून धरते. हवा निघून गेली की टायरची बाजूची भिंत दुमडते, रिमची कड आणि रस्ता यांच्यात ती चेंगरते आणि एखाद-दोन किलोमीटरांत टायरच्या चिंध्या होतात. रनफ्लॅटमध्ये ही भिंतच जाड केलेली असते. तिच्या आत उष्णता सहन करणाऱ्या कडक रबराची चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी असते आणि हवा नसताना गाडी त्या पट्टीवर उभी राहते. अर्थात उभे राहणे वेगळे आणि धावणे वेगळे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ही भिंत वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि अखेर तीच टायरचा घात करते. म्हणूनच या टायरची क्षमता ताशी ८० किलोमीटर वेगाने ८० किलोमीटर अंतर अशी ठरविण्यात आली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या टायरविषयक नियमावलीतील व्याख्याही याच आकड्यांवर बेतलेली आहे.

ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीने १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘डेनोव्हो’ नावाने असा टायर आणला होता. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेटच्या १९९७ च्या पिढीत रनफ्लॅट सरसकट आले आणि स्टेपनी कायमची गेली. मिशेलिनने वेगळी वाट धरली. टायरच्या आत रिमभोवती आधारकडे बसविण्याची तिची ‘पॅक्स’ पद्धत तांत्रिकदृष्ट्या देखणी होती, पण त्यासाठी वेगळे रिम आणि वेगळी यंत्रे लागत. दुरुस्तीची सोय मोजक्याच ठिकाणी मिळे. होंडाच्या ओडिसीसारख्या मोटारींच्या अमेरिकी ग्राहकांना त्याचा मनस्ताप झाला आणि ती पद्धत प्रवासी मोटारींतून मागे पडली. टायर कितीही उत्तम असो, तो बदलून देणारा माणूस जवळपास नसेल तर त्याचा उपयोग नाही, हे तेव्हाच दिसून आले होते. भारतात या अनुभवाची आठवण ठेवण्याजोगी आहे.

कडक भिंतीचा टायर सर्वदूर नेला तो बीएमडब्ल्यूने. २००५ मध्ये आलेल्या तिच्या थ्री सिरीजमध्ये रनफ्लॅट हेच मूळ टायर होते. २००७ मध्ये कंपनीने चेन्नईजवळ जुळणी सुरू केली आणि हे टायर आपल्या रस्त्यांवर रुळले. ब्रिजस्टोनच्या टायरवर ‘आरएफटी’, मिशेलिनवर ‘झेडपी’, काँटिनेंटलवर ‘एसएसआर’, गुडइयरवर ‘आरओएफ’, डनलॉपवर ‘डीएसएसटी’ अशी अक्षरे असतात. ग्राहकाने एवढी तरी ओळख ठेवावी, कारण एकाच नावाचा टायर साधा आणि रनफ्लॅट अशा दोन्ही रूपांत विकला जातो आणि वरची नक्षी तंतोतंत सारखी असते.

उन्हाळी म्हणजे काय?

युरोप-अमेरिकेत या वर्गातील टायरना ‘समर टूरिंग’ म्हणतात. नाव ऐकून आपल्याकडे गैरसमज होण्याचा संभव आहे. तेथे हिवाळ्यासाठी मऊ रबराचे वेगळे टायर असतात. तापमान सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सुटू लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. आपण ज्याला नुसते टायर म्हणतो, तो बहुतेक वेळा उन्हाळी टायरच असतो. ‘टूरिंग’ या शब्दाचा अर्थ मात्र महत्त्वाचा. शर्यतीच्या धाटणीची टोकाची पकड न देता आराम, शांतता आणि दीर्घायुष्य यांना प्राधान्य देणारा हा टायर. ब्रिजस्टोनचा टुरांझा, मिशेलिनचा प्रायमसी, पिरेलीचा चिंटुराटो पी सेव्हन ही या वर्गातील परिचित नावे असून त्या सर्वांच्या रनफ्लॅट आवृत्त्या निघालेल्या आहेत.

येथेच एक अंतर्विरोध आहे. टूरिंग टायरचे काम धक्के गिळण्याचे आणि रनफ्लॅटची भिंत धक्के न गिळण्यासाठीच बनविलेली. पहिल्या पिढीतील रनफ्लॅटवर धावणाऱ्या मोटारी रस्त्याचा प्रत्येक सांधा थेट पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचवीत, ही तक्रार युरोपातील गुळगुळीत रस्त्यांवरूनही येत होती. पुढे भिंतीचे रबर सुधारले. ब्रिजस्टोनने २००९ मध्ये बाजूच्या भिंतीवर उष्णता बाहेर टाकणारे बारीक उंचवटे असलेली नवी पिढी जाहीर केली, जेणेकरून आतील पट्टी पातळ ठेवता यावी. मोटार उत्पादकांनीही स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर या टायरना जुळतील असे बसविले. त्यामुळे आजचा रनफ्लॅट आणि वीस वर्षांपूर्वीचा रनफ्लॅट यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. तरीही साध्या टायरच्या तुलनेत तो जड असतो, रस्त्याशी होणारे त्याचे घर्षण सर्वसाधारणपणे थोडे अधिक असते आणि खड्ड्याचा आघात तो रिमकडे अधिक प्रमाणात सोपवितो. मुंबई-गोवा महामार्गावर किंवा पावसाळ्यातील मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. कमी उंचीची भिंत, मोठे अलॉय व्हील आणि पाण्याने भरलेला खड्डा हे त्रिकूट जमले की रिम वाकतो किंवा त्याला तडा जातो. तसे झाले तर टायर रनफ्लॅट असल्याचे समाधान बिलाच्या वेळी फारसे टिकत नाही. शिवाय भिंतीला फुगा आला तर रनफ्लॅटही बाद होतो. भिंतीची इजा दुरुस्त होत नाही.

आपल्याकडे टायरची खरी परीक्षा उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात होते. ओल्या रस्त्यावरचे ब्रेकिंग ही टूरिंग टायरची सर्वात महत्त्वाची कसोटी मानावी लागेल, कारण हवा जाण्याचा प्रसंग वर्षाकाठी एखाद्या वेळी येतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबण्याचा प्रसंग जून ते सप्टेंबर रोज येतो. येथे रनफ्लॅट असणे वा नसणे याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते वरच्या रबराच्या मिश्रणाला, पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचांना आणि त्या खाचा किती शिल्लक आहेत याला. नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात आणि कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर वापरता येतो. परंतु गोटा होत आलेला टायर कायद्यात बसला म्हणून साचलेल्या पाण्यातही पकड देईल, असे नाही. महाग टायर अधिक काळ वापरून पैसे वसूल करण्याची आपली वृत्ती येथे धोक्याची ठरते.

युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचे आहे. इंधन कार्यक्षमता, ओल्या रस्त्यावरील पकड आणि बाहेर येणारा आवाज या तीन गोष्टी त्यावर असतात. मे २०२१ पासून ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी लागू झाली. भारतानेही २०२२ मध्ये अधिसूचना काढून याच तीन गुणांचे किमान निकष टायरना लागू केले. हे स्वागतार्हच आहे. पण टायर किती किलोमीटर टिकेल, साचलेल्या पाण्यावर तरंगू लागेल का आणि हवा गेल्यावर त्याचे वर्तन कसे असेल, यांपैकी काहीही या लेबलवरून कळत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी ग्राहक जादा पैसे मोजतो, नेमका तोच गुण लेबलवर नाही. दोन कंपन्यांच्या रनफ्लॅटपैकी शून्य दाबाला ब्रेक लावल्यावर कोणता टायर सरळ राहतो, हे त्याला दुकानात कोणी सांगू शकत नाही. ८० किलोमीटरचे प्रमाणपत्र दोघांकडेही असते.

८० किलोमीटरांचे गणित

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. या मार्गावर कोठेही हवा गेली तरी रनफ्लॅटवर धावणारी गाडी पुणे किंवा नवी मुंबई यांपैकी एक शहर सहज गाठू शकते. दोन्हीकडे मोठी टायर दुकाने, यंत्रे आणि अधिकृत सेवा केंद्रे आहेत. रनफ्लॅटची कल्पना ज्या परिस्थितीसाठी जन्मली, ती हीच. घाटात, बोगद्यात किंवा वेगवान वाहनांच्या शेजारी उभे राहून चाक बदलण्याचा जीवघेणा प्रसंग टळतो. द्रुतगती मार्गाच्या कडेला थांबलेल्या वाहनाला मागून धडक बसण्याचे अपघात वाचकांना नवे नाहीत. रात्री एकट्याने गाडी चालविणाऱ्या महिलेसाठी, वृद्ध दांपत्यासाठी किंवा मागच्या आसनावर तान्हे मूल असलेल्या आईसाठी, गाडी न थांबविता उजेडाच्या ठिकाणापर्यंत जाता येणे ही चैन नव्हे.

आता हेच गणित समृद्धी महामार्गावर मांडून पाहू. ५ जून २०२५ रोजी तो संपूर्ण खुला झाला. लांबी ७०१ किलोमीटर. मेहकरच्या आसपास हवा गेली तर एकीकडे नागपूर आणि दुसरीकडे छत्रपती संभाजीनगर, दोन्ही शहरे ८० किलोमीटरच्या मर्यादेपलीकडे. मधल्या गावांत साध्या मोटारीचा टायर मिळेल, पंक्चर काढून मिळेल. पण १८ इंची रनफ्लॅट मिळण्याची शक्यता कमी. त्यात मे महिन्यातील विदर्भ, तापलेले काँक्रीट, गाडीत पाच माणसे आणि डिकीत लग्नाचे सामान. ८० किलोमीटर हा आकडा ठरावीक भार आणि ठरावीक परिस्थिती गृहीत धरतो. भार व तापमान वाढले की भिंत अधिक तापते आणि अंतर घटते. आकडा हा हमी नसून अंदाज आहे, असे समजून चालणेच शहाणपणाचे.

दुकान सापडले तरी प्रश्न संपत नाही. कडक भिंतीमुळे हा टायर रिमवरून उतरविण्यासाठी जादा बाहू असलेले यंत्र लागते. पहारीने आणि पायाच्या जोराने टायर उतरविणारा महामार्गावरचा पंक्चरवाला कितीही कुशल असला, तरी येथे टायरची कड फाटण्याचा किंवा आतील सेन्सर तुटण्याचा धोका असतो. पंक्चर काढावे की नाही, याविषयी कंपन्यांची भूमिका एकसारखी नाही. वरच्या भागात लहानसा खिळा घुसला आणि हवा पुरती जाण्याआधीच तो लक्षात आला, तर तपासणीअंती दुरुस्तीस काही कंपन्या परवानगी देतात. शून्य दाबावर धावलेला टायर मात्र आतून किती भाजला आहे, हे बाहेरून दिसत नाही. तो बदलणेच सुरक्षित. पाच रुपयांच्या खिळ्यापायी संपूर्ण टायर टाकून द्यायचा, ही गोष्ट आपल्या मानसिकतेला रुचणारी नाही आणि मग दुरुस्त केलेला टायर निमूटपणे पुन्हा चढविला जातो.

पुरवठ्याची बाजू याहून नाजूक. या टायरची बहुतांश मापे वर्षानुवर्षे परदेशातून येत होती. जून २०२० मध्ये परदेश व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून परवान्याच्या कक्षेत आणली. देशी उद्योगाला चालना हा हेतू समजण्याजोगा होता, पण एखाद्या शहरात महिन्याला मोजकेच विकले जाणारे माप त्यामुळे अधिकच दुर्मीळ झाले. आता मुंबईत मुख्यालय असलेल्या सिएटसारख्या भारतीय कंपनीनेही २०२५ मध्ये रनफ्लॅट बाजारात आणले आहेत. स्पर्धा वाढेल तशी उपलब्धताही सुधारेल, अशी अपेक्षा आहे. तोवर ग्राहकाने भिंतीवरचा चार आकडी तारीखशिक्का वाचायला शिकावे. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील २३ वा आठवडा. कमी खपणाऱ्या मापाचा टायर गोदामात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला असू शकतो आणि पैसे मात्र नव्याचे घेतले जातात.

डोळ्यांना न दिसणारी हवा

रनफ्लॅटचा सर्वात मोठा गुण हाच त्याचा दोषही आहे. हवा गेली तरी टायर बसत नाही. त्यामुळे चालकाला ते दिसतही नाही आणि बऱ्याचदा जाणवतही नाही. टायरला लाथ मारून हवा तपासण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगाची नाही. म्हणून टायरमधील दाब सांगणारी यंत्रणा हा रनफ्लॅटचा अविभाज्य भाग आहे. ती दोन प्रकारची असते. एकात प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि तो प्रत्यक्ष दाब मोजतो. दुसऱ्यात ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून चाकांच्या फिरण्याचा वेग घेऊन कोणते चाक वेगळे वागते आहे, याचा अदमास बांधला जातो. चारही टायरमधील हवा हळूहळू सारखीच कमी होत गेली तर हा अदमास चुकू शकतो. शिवाय हवा भरल्यावर ती यंत्रणा नव्याने जुळवावी लागते आणि ते बहुतेक जण विसरतात. जुनी मोटार घेताना ही यंत्रणा चालू आहे की नाही, हे इंजिनाच्या आवाजाइतक्याच काळजीने पाहायला हवे. इशारा दिवा बिघडलेल्या गाडीतील रनफ्लॅट साध्या टायरपेक्षाही धोकादायक ठरू शकतो, कारण चालक शून्य दाबावर १२० च्या वेगाने जात राहील.

स्टेपनी नसण्याला आपल्याकडे कायद्याचा आधार जुलै २०२० मध्ये मिळाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनात ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्ती संच असल्यास स्टेपनीची सक्ती नाही, अशी सुधारणा केंद्रीय मोटार वाहन नियमांत झाली. विजेवरील मोटारींना मोठ्या बॅटरीसाठी जागा मिळावी, हे त्यामागील एक कारण सांगण्यात आले. येथे सावध राहायला हवे. दुरुस्ती संच म्हणजे रनफ्लॅट नव्हे. संचातील द्रव खिळ्याचे लहान छिद्र बुजवितो, खड्ड्याने फाटलेली भिंत नव्हे. आतून चिकट थर असलेल्या, स्वतःच छिद्र बुजविणाऱ्या टायरबाबतही हेच. काँटिनेंटलचा अशा प्रकारचा टायर पाच मिलिमीटरपर्यंतचे छिद्र बंद करतो. शहरातील खिळ्यांसाठी तो पुरेसा आहे आणि त्याची भिंत मऊ असल्याने आरामही टिकतो. मात्र भिंत फाटली तर तो साध्या टायरइतकाच असहाय. विक्रेते ‘पंक्चरप्रूफ’ या एकाच शब्दाखाली हे सारे प्रकार खपवितात, तेव्हा ग्राहकाने नेमके काय विकत घेतो आहोत, ते विचारून घ्यावे.

रनफ्लॅट म्हणजे टायर फुटण्यापासून अभय, हा समजही दूर व्हायला हवा. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस जळून २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हा टायर फुटल्याचे कारण लगोलग पुढे आले होते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही. अपघाताचे खापर टायरवर फोडणे सोपे असते, कारण टायर बोलत नाही. पण कमी हवा, अधिक भार, अधिक वेग आणि जुने रबर या चौघांनी मिळून जो टायर फुटतो, त्यात रनफ्लॅटचा वरचा थरही सुटून येऊ शकतो. हवा अचानक गेल्यास गाडीवर ताबा राखणे रनफ्लॅटमुळे निश्चितच सोपे होते. ते कारण मात्र रनफ्लॅट दूर करीत नाही. दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला दाब भरणे हे काम कोणताही टायर आपल्या वतीने करणार नाही.

मग घ्यावेत की नाही? मोटार मुळातच रनफ्लॅटसह आलेली असेल, वापर प्रामुख्याने शहरात आणि मुंबई, पुणे, नाशिक या टापूत असेल, तर तेच टायर पुन्हा घेणे सयुक्तिक वाटते. स्प्रिंगची जुळणी त्यांच्यासाठी झालेली असते आणि ८० किलोमीटरांत मदत मिळते. महिन्यातून दोनदा विदर्भ, मराठवाडा किंवा तळकोकण गाठणाऱ्याने मात्र साधे टूरिंग टायर आणि डिकीत पूर्ण किंवा छोटी स्टेपनी, हा पर्याय गंभीरपणे तपासावा. सामानाची जागा जाईल, पण मेहकरला किंवा कणकवलीला मदतीची वाट पाहत रात्र काढावी लागणार नाही. असा बदल करताना चारही टायर एकाच प्रकारचे असावेत. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे अशी खिचडी ताबा बिघडवते. भारक्षमता व वेगक्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. टायरवर ‘९१ व्ही’ लिहिले असेल तर ६१५ किलो आणि ताशी २४० किलोमीटर हा त्याचा अर्थ. वॉरंटीवर व विम्यावर परिणाम होतो का, ते लेखी विचारून घ्यावे. आणि रनफ्लॅट काढून साधे टायर बसविल्यावर जॅक, पाना व स्टेपनी घ्यायचे राहून जाते, हे विशेषत्वाने लक्षात ठेवावे. जुन्या मोटारींच्या बाजारात अशा गाड्या आढळतात. टायर साधे आणि डिकी रिकामी असल्याचे नव्या मालकाला पहिले पंक्चर होईपर्यंत माहीतही नसते.